‘जावासी’ सापडत नाही म्हणजे नेमकं कोणाला सापडत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नुकतंच जावा शिकायला घेतलं आहे. विंडोजवर जेडीके (जावात प्रोग्रॅम तयार करायची साधनं) इन्स्टॉल केली, ‘हॅलो’ नावाचा पहिला प्रोग्रॅम लिहिला. ‘जावा -व्हर्जन’ चालतं, पण ‘जावासी’ (लिहिलेला प्रोग्रॅम कंपाइल करणारी, म्हणजे चालवता येईल अशा रूपात बदलणारी कमांड) टाइप केलं की ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ अशी एरर येते. एका जुन्या व्हिडिओत बघून पाथ, क्लासपाथ आणि जावा होम ही तिन्ही व्हेरिएबल सेट केली, तरी फरक नाही. उलट आधी चालणारा एक प्रोग्रॅम आता ‘मेन क्लास सापडत नाही’ म्हणून अडतो. तर नेमकं काय सेट करायचं, आणि पुढे सी किंवा पायथन शिकताना हेच सगळं पुन्हा करावं लागतं का?

कमांड, फाइली आणि फोल्डर यांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच करायची, हे धरून चाला.

आधी ती एरर नीट वाचू, कारण तिच्यातले ‘इंटर्नल’ आणि ‘एक्स्टर्नल’ हे शब्द उगाच आलेले नाहीत. काळी खिडकी उघडून आपण ज्याच्याशी बोलतो तो ‘सीएमडी’ स्वतःच एक प्रोग्रॅम आहे. ‘डिर’, ‘सीडी’, ‘एको’, ‘सेट’ अशा थोड्या कमांड त्याच्या पोटातच आहेत, त्या इंटर्नल. बाकी सगळ्या, म्हणजे ‘जावासी’, ‘जीसीसी’ (सी भाषेचा कंपाइलर), ‘पायथन’, अगदी ‘नोटपॅड’सुद्धा, डिस्कवर कुठेतरी ठेवलेल्या स्वतंत्र फाइली आहेत, त्या एक्स्टर्नल. तुम्ही ‘जावासी’ लिहून एंटर दाबलं की सीएमडी आधी स्वतःच्या कमांडमध्ये बघतो. तिथे नसेल तर तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहात तिथे बघतो. तिथेही नसेल तर ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये लिहिलेले फोल्डर, लिहिलेल्या क्रमाने, एकेक करून तपासतो. यादी संपली की थांबतो आणि ही एरर छापतो. सगळी डिस्क तो कधीच धुंडाळत नाही.

म्हणजे न सापडण्याची तक्रार सीएमडीची आहे. जावाला अजून कोणी हाकही मारलेली नाही. हे एकदा लक्षात आलं की जेडीके काढून पुन्हा टाकण्यात जाणारी संध्याकाळ वाचते. मी गेली अनेक वर्षं नवशिक्यांना शिकवते आहे, आणि तीन-तीन वेळा इन्स्टॉल करून थकलेली मुलं दर बॅचला भेटतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची जेडीके पहिल्याच वेळी व्यवस्थित बसलेली असते.

ती तुमच्याकडे बसली आहे की नाही हे पाथला हात न लावता तपासता येतं. फाइलचा पूर्ण पत्ता देऊन तिला थेट चालवा:

"सी:\प्रोग्रॅम फाइल्स\जावा\जेडीके-२१\बिन\जावासी" -व्हर्जन

तुमच्याकडे आवृत्तीचा आकडा वेगळा असेल, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये तो फोल्डर उघडून पत्ता वरच्या पट्टीतून कॉपी करा. ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या नावात मध्ये मोकळी जागा आहे, म्हणून भोवती डबल कोट हवेत. नाहीतर सीएमडी ‘सी:\प्रोग्रॅम’ एवढंच नाव धरून बसतो. ही कमांड चालली आणि आवृत्ती छापली गेली, तर जेडीके ठणठणीत आहे आणि फक्त यादीत नाव घालायचं बाकी आहे. नाही चालली तर ‘बिन’ फोल्डरमध्ये ‘जावासी’ नावाची फाइल आहे का ते डोळ्यांनी बघा.

‘जावा’ चालतं आणि ‘जावासी’ चालत नाही, याचं नेहमीचं कारण असं की तुमच्या मशीनवर कुठल्यातरी दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी कधीतरी जेआरई बसवलेली असते. जेआरईमध्ये तयार प्रोग्रॅम चालवणारी ‘जावा’ असते, कंपाइल करणारी ‘जावासी’ नसते. त्या जेआरईचा फोल्डर पाथमध्ये आहे, नव्या जेडीकेचा नाही. चालणारं ‘जावा’ आणि न सापडणारं ‘जावासी’ हे एका घरचे नाहीतच.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती समजली की विंडोज, लिनक्स, मॅक आणि कुठल्याही भाषेतला हा सगळा गोंधळ एकाच जागी येऊन मिळतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे नाव आणि मजकूर यांची जोडी, बस. ‘पाथ’ हे नाव, आणि फोल्डरांची लांबलचक यादी हा मजकूर. प्रत्येक चालू प्रोग्रॅमकडे अशा जोड्यांचा स्वतःचा संच असतो. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला सुरू करतो तेव्हा आपल्या संचाची नक्कल त्याच्या हातात देतो. आज आपण वापरतो ती ही पद्धत १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली आणि १९८३ मध्ये एमएस-डॉस २.० मध्येही पोहोचली. तेव्हापासून तिचा गाभा बदललेला नाही: जन्मताना नक्कल मिळते, आणि त्यानंतर दोघांचे हिशेब वेगळे. मुलाने आपल्या नकलेत काही बदललं तर पालकाला कळत नाही. पालकाने नंतर काही बदललं तर आधीच जन्मलेल्या मुलाकडे ते पोहोचत नाही.

म्हणूनच पाथ बदलल्यावर उघडी असलेली काळी खिडकी जुनाच पाथ घेऊन बसते. तुमच्या बाबतीत, ‘सगळं बरोबर केलं तरी फरक नाही’ यातला निम्मा भाग बहुधा इथेच आहे. सेटिंगच्या सगळ्या खिडक्यांवर ओके दाबा, काळी खिडकी बंद करा, स्टार्ट मेन्यूतून नवी उघडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट करायची गरज नाही. टर्मिनल एडिटरच्या आत असेल, जसा व्हीएस कोडमध्ये असतो, तर नुसता टर्मिनलचा नवा टॅब उघडून भागत नाही. त्या टर्मिनलला नक्कल देणारा एडिटर स्वतःच जुना संच घेऊन चालू आहे. एडिटरच्या सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा सुरू करावा लागतो.

हीच नक्कल कधी जीवदान देते. एका विद्यार्थिनीने पाथ सेट करताना जुना सगळा मजकूर पुसून त्या जागी फक्त जेडीकेचा पत्ता लिहिला आणि ओके दाबलं. नव्या खिडकीत ‘जावासी’ चालायला लागली, पण ‘पिंग’ चालेना, ‘नोटपॅड’ चालेना, इतर बरीच साधनंही गायब. तिला वाटलं विंडोजच बिघडलं. रडवेली होऊन ती लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा खालच्या पट्टीवर सकाळी उघडलेली एक काळी खिडकी अजून तशीच होती. त्या खिडकीत

एको %पाथ%

एवढं टाइप केलं आणि जुनी यादी पूर्णच्या पूर्ण समोर आली, कारण त्या खिडकीची नक्कल सकाळची होती. तीत सिस्टिमची आणि तिची स्वतःची अशा दोन्ही यादींतले फोल्डर सलग होते. ते बघून पुसलेली नावं परत घातली आणि शेवटी जेडीकेचा फोल्डर जोडला. तेव्हापासून माझा नियम आहे: पाथला हात लावण्याआधी ही कमांड चालवायची आणि आलेला मजकूर एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुमच्या हातून असं झालं आणि जुनी खिडकीही उघडी नसेल, तर निदान सी:\विंडोज\सिस्टिम३२ आणि सी:\विंडोज हे दोन फोल्डर सिस्टिमच्या पाथमध्ये आधी परत घाला, म्हणजे विंडोजची स्वतःची बहुतेक साधनं परत चालू लागतील.

आता प्रत्यक्ष सेटिंग. स्टार्ट मेन्यूत ‘एन्व्हायर्नमेंट’ एवढं टाइप केलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलण्याचा पर्याय दिसतो. आतल्या खिडकीत दोन याद्या असतात. वरची तुमच्या युजरची, खालची सगळ्या सिस्टिमची. ‘पाथ’ निवडून ‘एडिट’, मग ‘न्यू’, आणि जेडीकेच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता. इथे तीन चुका मी रोज बघते. पहिली, जेडीकेचा फोल्डर दिला आणि शेवटचं ‘\बिन’ राहिलं. दुसरी, फोल्डरऐवजी थेट ‘जावासी.ईएक्सई’ या फाइलचाच पत्ता दिला. यादीत फक्त फोल्डर चालतात, फाइल नाही. तिसरी, राइट क्लिक करून ‘कॉपी ॲज पाथ’ने घेतलेला पत्ता तसाच चिकटवला. तो डबल कोटांसकट येतो, आणि पाथमधले कोट काही प्रोग्रॅमना पचत नाहीत. काळ्या खिडकीत कोट लागतात आणि या यादीत लागत नाहीत, हे सुरुवातीला उलटसुलट वाटतं. पण इथे प्रत्येक फोल्डर स्वतःच्या वेगळ्या ओळीत असतो, त्यामुळे मधली मोकळी जागा अडचण करत नाही.

वरची यादी घ्यायची की खालची? एकट्याचा लॅपटॉप असेल तर वरची पुरते आणि तिला ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क लागत नाहीत. पण एक गोष्ट माहीत हवी. नवा प्रोग्रॅम सुरू होताना विंडोज सिस्टिमचा पाथ पुढे ठेवतं आणि तुमचा पाथ त्याच्या मागे जोडतं. शोध पुढून मागे जातो आणि पहिला सापडेल तो घेतला जातो. म्हणजे जुन्या जावाचा फोल्डर सिस्टिमच्या यादीत असेल, तर तुमच्या यादीत नवी जेडीके सर्वांत वर घातली तरी ‘जावा’ म्हटल्यावर जुनीच ओ देणार. इतर व्हेरिएबलचं असं नसतं. तिथे एकाच नावाचं व्हेरिएबल दोन्हीकडे असेल तर तुमचंच चालतं. पाथचं मात्र जोडकाम होतं.

आणि तुमच्या केसमध्ये हे बहुधा आडवं येणार. आत्ता फक्त वरच्या यादीत जेडीके घातलीत तर ‘जावासी’ नवी सापडेल, ‘जावा’ जुनी. नव्या जावासीने केलेली क्लास फाइल जुन्या जावाला वाचता येत नाही, आणि मग ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ अशी वेगळीच एरर येते. तिच्यात ६५ किंवा ५२ असे आकडे दिसतात आणि लोक गांगरतात. ते क्लास फाइलच्या रचनेचे क्रमांक आहेत: ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. ‘६५ आहे आणि मला ५२ पर्यंतच कळतं’ असं ती एरर सांगत असेल, तर कंपाइल २१ ने झालं आणि चालवायला आठवा जावा धावला. कोण धावतो आहे हे असं बघा:

व्हेअर जावा
व्हेअर जावासी

‘व्हेअर’ पाथमध्ये त्या नावाच्या जितक्या फाइली सापडतील तितक्या क्रमाने छापतं. वरची ओळ जिंकते. दोन्ही कमांडची पहिली ओळ एकाच फोल्डरमधली हवी. नसेल तर जुनी जेआरई लागत नसल्यास काढून टाका, किंवा नव्या जेडीकेचा फोल्डर सिस्टिमच्या यादीत घालून ‘मूव्ह अप’ने वर न्या. पाथची जवळजवळ प्रत्येक तक्रार मी ‘व्हेअर’पासून सोडवायला घेते. सेटिंगची खिडकी सांगते ती तुमची इच्छा, प्रत्यक्षात काय घडतं आहे ते ‘व्हेअर’ सांगतं.

आता तुमचा आधी चालणारा प्रोग्रॅम का अडला ते. हा दोष क्लासपाथचा आहे, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे: नवशिक्याने क्लासपाथ हे व्हेरिएबल सेट करूच नये. पाथ आणि क्लासपाथ या नावांत साम्य आहे, पण वाचणारे वेगळे आहेत. पाथ वाचतो सीएमडी, ‘जावासी’ ही फाइल शोधायला. क्लासपाथ वाचतात जावा आणि जावासी, तुमचे कंपाइल झालेले क्लास शोधायला. क्लासपाथ सेटच केलेला नसेल तर जावा आपणहून चालू फोल्डरमध्ये बघते, आणि शिकणाऱ्याला तेवढंच हवं असतं. ज्या क्षणी तुम्ही त्यात दुसरा एखादा पत्ता लिहिता, त्या क्षणी चालू फोल्डर यादीतून बाद होतो. समोर ‘हॅलो.क्लास’ पडलेली असते, ‘डिर’ केल्यावर दिसते, आणि जावा म्हणते मेन क्लास सापडत नाही. ती खरंच सांगते आहे, तुम्ही सांगितलेल्या जागी तो नाही.

जुन्या व्हिडिओंत क्लासपाथमध्ये ‘टूल्स.जार’ आणि ‘डीटी.जार’ या जार फाइली (क्लासची एकत्र बांधलेली गाठोडी) घालायला सांगतात. जावाची नववी आवृत्ती सप्टेंबर २०१७ मध्ये आली तेव्हा जेडीकेची आतली रचना बदलली आणि त्यात ‘टूल्स.जार’ राहिलीच नाही. म्हणजे त्या फाइलीच्या शोधात तुम्ही फोल्डर उघडत बसलात तर त्यात तुमचं काही चुकलं नाही. सल्लाच शिळा आहे. तर क्लासपाथ दोन्ही याद्यांत शोधा आणि काढून टाका. पुढे कधी बाहेरची जार फाइल वापरायची वेळ आली, तर त्या कमांडपुरता क्लासपाथ द्या:

जावा -सीपी .;लिब\माझी.जार हॅलो

सुरुवातीचा तो डॉट म्हणजे चालू फोल्डर, तो विसरू नका. लिनक्स आणि मॅकवर अर्धविरामाच्या जागी कोलन येतो आणि उलट्या स्लॅशऐवजी सरळ. असा दिलेला क्लासपाथ ती कमांड संपली की संपतो, सहा महिन्यांनी दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये भूत बनून येत नाही.

जावा होमचं काय? ‘जावासी’ चालण्यासाठी त्याची गरज नाही. ते मेव्हन, ग्रेडल, टॉमकॅट अशी जावा प्रोजेक्ट बांधायची आणि चालवायची साधनं वाचतात, जेडीके कुठे आहे हे ठरवायला. सेट केलं असेल तर असू द्या, पण त्यात जेडीकेच्या मूळ फोल्डरचा पत्ता हवा, शेवटी ‘बिन’ नको. पाथमध्ये ‘बिन’ हवं आणि जावा होममध्ये नको. ही उलटापालट इतकी सार्वत्रिक आहे की मी वर्गात फळ्यावर दोन्ही पत्ते एकाखाली एक लिहून ठेवते.

हे सगळं झालं की नवी खिडकी उघडा, ‘सीडी’ने प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये जा, आणि

जावासी हॅलो.जावा
जावा हॅलो

चालवताना फक्त क्लासचं नाव. ‘जावा हॅलो.क्लास’ लिहिलंत तर पुन्हा तीच ‘मेन क्लास’ची एरर येईल आणि तुम्ही पुन्हा व्हेरिएबलांच्या मागे लागाल. जावासी ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणाली तरीही घाबरू नका, उलट ती आता बोलते आहे म्हणजे पाथचं काम झालं. अशा वेळी तुम्ही चुकीच्या फोल्डरमध्ये असता, किंवा नोटपॅडने फाइल ‘हॅलो.जावा.टीएक्सटी’ या नावाने ठेवलेली असते. विंडोज शेवटचा भाग लपवत असल्याने डोळ्यांना ती ‘हॅलो.जावा’च दिसते. ‘डिर’ केलं की खरं नाव कळतं. कोण बोलतं आहे हे ओळखायची सवय लावून घ्या. सीएमडी बोलत असेल तर पाथ बघायचा, जावासी बोलत असेल तर फाइलचं नाव, फोल्डर किंवा तुमचा कोड, आणि जावा क्लास सापडत नाही म्हणत असेल तर क्लासपाथ किंवा क्लासचं नाव.

विंडोज ११ वर आणखी एक खड्डा आहे, आणि त्यात पडलेल्याला पडल्याचं कळतही नाही. तिथे टर्मिनल उघडलं की बहुधा सीएमडीऐवजी पॉवरशेल उघडतं. ओळीच्या सुरुवातीला ‘पीएस’ ही अक्षरं दिसली की पॉवरशेल समजा. व्हिडिओतली ‘सेट पाथ=...’ ही कमांड तिथे कुठलीही एरर न देता चालते आणि काहीच करत नाही, कारण पॉवरशेलमध्ये ‘सेट’चा अर्थ वेगळा आहे. ‘एको %पाथ%’ केलं तर यादी येत नाही, ‘%पाथ%’ हीच अक्षरं जशीच्या तशी छापली जातात. तिथे ‘$एन्व्ह:पाथ’ असं लिहायचं. ‘व्हेअर’सुद्धा तिथे दुसऱ्याच कमांडचं टोपणनाव आहे, म्हणून ‘व्हेअर.ईएक्सई’ असं पूर्ण नाव द्यायचं. शिकताना मी म्हणेन, व्हिडिओ ज्या शेलमध्ये (सीएमडी किंवा पॉवरशेल, म्हणजे आपल्या कमांड ऐकणारा प्रोग्रॅम) आहे तोच उघडा. टर्मिनलमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबलं तरी काम होतं.

सीएमडीतल्या ‘सेट’ने केलेला बदल त्या खिडकीपुरता असतो. प्रयोगासाठी हे फार चांगलं आहे, बिघडलं तर खिडकी बंद केली की झालं. फक्त बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नका. ‘सेट नाव = मजकूर’ असं लिहिलंत तर सीएमडी ती जागाही नावाचा भाग धरतो आणि भलतंच व्हेरिएबल तयार होतं. कायमचा बदल करायला ‘सेटएक्स’ कमांड आहे, आणि पाथसाठी ती कृपा करून वापरू नका. ‘सेटएक्स पाथ "%पाथ%;नवा फोल्डर"’ ही ओळ खूप ठिकाणी दिलेली सापडते. ती सिस्टिमचा आणि तुमचा पाथ एकत्र करून तुमच्या यादीत ओतते, आणि वर मजकूर १०२४ अक्षरांवर कापून टाकते. पुढची नावं जातात, आणि ती गेली हे आठवड्याने दुसरंच काहीतरी चालेनासं झाल्यावर उमगतं.

लिनक्स आणि मॅकवर तत्त्व तेच, तपशील वेगळे. लिनक्सच्या पॅकेज मॅनेजरने जेडीके किंवा जीसीसी घेतलं असेल तर ते आधीच यादीत असलेल्या फोल्डरमधून सापडतं आणि बहुतेक वेळा काहीच सेट करावं लागत नाही. स्वतः झिप उघडून ठेवलं असेल तर घरच्या फोल्डरमधल्या ‘.बॅशआरसी’ फाइलच्या शेवटी एक ओळ घाला. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नेहमीचा शेल झेडशेल आहे, म्हणून तिथे ‘.झेडएसएचआरसी’ मध्ये:

एक्सपोर्ट पाथ="/ऑप्ट/जेडीके-२१/बिन:$पाथ"

या ओळीतला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. ‘एक्सपोर्ट’ म्हणजे हे व्हेरिएबल मुलांना देण्याच्या नकलेत घाल. एखादं नवं व्हेरिएबल एक्सपोर्टशिवाय लिहिलंत तर ‘एको’ने ते दिसेल, पण तुमच्या प्रोग्रॅमला मिळणार नाही. शेवटचं ‘$पाथ’ म्हणजे जुनी यादी. ते विसरलात तर पुढच्या टर्मिनलमध्ये ‘एलएस’सुद्धा सापडणार नाही. तसं झालं तर ‘/बिन/एलएस’ असा पूर्ण पत्ता देऊन कमांड चालतात, तेवढ्यावर फाइल दुरुस्त करता येते. बरोबरच्या चिन्हाशेजारी मोकळी जागा इथेही चालत नाही. आणि कोट डबलच हवेत, एकेरी कोटांत ‘$पाथ’चा अर्थ उलगडत नाही. फाइल सेव्ह केल्यावर नवं टर्मिनल उघडा, किंवा आहे त्याच टर्मिनलमध्ये ‘सोर्स ~/.बॅशआरसी’ करा. इथे ‘व्हेअर’च्या जागी ‘टाइप -ए जावासी’.

सी शिकताना हेच पुन्हा करावं लागतं का, तर विंडोजवर हो, एकदा. एमसिस२ ने (विंडोजवर जीसीसीसारखी साधनं देणारा संच) जीसीसी घेतलं तर त्याचा ‘बिन’ फोल्डर, बहुधा सी:\एमसिस६४\यूसीआरटी६४\बिन, पाथमध्ये घालायचा. तिथे पाथचं आणखी एक काम आहे. तुमचा तयार झालेला प्रोग्रॅम सुरू होताना लागणाऱ्या डीएलएल फाइलीसुद्धा (प्रोग्रॅमना लागणारा तयार कोड ठेवलेल्या फाइली) विंडोज शेवटी पाथमधल्या फोल्डरांत शोधतं. म्हणून एमसिसच्या खिडकीत चालणारा प्रोग्रॅम बाहेर ‘डीएलएल सापडत नाही’ म्हणतो, तेव्हाही उपाय हाच असतो. पायथनचा इन्स्टॉलर पहिल्याच पानावर पाथमध्ये घालू का असं विचारतो, पण तो चौकोन आधीपासून टिक केलेला नसतो. टिक करायचा राहिला आणि ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडलं, तर ‘पीवाय’ टाइप करून बघा. पायथन बसलेलं असेल तर बहुधा ते चालतं. आणि पायथनपाथ हे व्हेरिएबल क्लासपाथचं भावंड आहे, त्यालाही सुरुवातीला हात लावू नका.

राहिला तुम्ही कंपाइल केलेला सी प्रोग्रॅम चालवायचा. सीएमडी चालू फोल्डरमध्ये आधी बघतो, म्हणून तिथे नुसतं ‘हॅलो’ चालतं. पॉवरशेल, लिनक्स आणि मॅक चालू फोल्डरमध्ये आपणहून बघत नाहीत. तिथे ‘./हॅलो’ लिहावं लागतं, पॉवरशेलमध्ये ‘.\हॅलो’. कंटाळून लोक पाथमध्ये डॉट घालायला निघतात. ते करू नका, कारण मग कोणीही एखाद्या फोल्डरमध्ये ‘एलएस’ किंवा तत्सम नावाची फाइल ठेवून ती तुमच्याकडून चालवून घेऊ शकतो, विशेषतः डॉट यादीच्या सुरुवातीला असेल तर. लिनक्सवर पहिल्या प्रोग्रॅमचं नाव ‘टेस्ट’ ठेवू नका, हेही सांगून ठेवते. ‘टेस्ट’ ही शेलच्या पोटातली कमांड आहे. तुम्ही ‘टेस्ट’ लिहून एंटर दाबता, एरर येत नाही, तुमचा प्रिंटही येत नाही, आणि तासभर तुम्ही स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसता. ‘टाइप टेस्ट’ केलंत तर शेल लगेच सांगतो की ही माझी स्वतःची कमांड आहे.